माव्ही की माव्री

मी, मक्रिना लाझारोस बोयाजोग्लू, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, जन्मगाव तुर्कस्तानातले इस्पार्ता, सध्या राहणार नेआ इओनिया, अथेन्स, निर्वासितांची वसाहत, तिसरी ओळ, घर अकरावे, धंद्याने गालिचे विणणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. माझा भाचा इओर्दानिस एरवी वर्षातून एकदा ईस्टरला तोंड दाखवतो, तो गेल्या महिन्यात तीनदा मिठाईचा डबा घेऊन आला. मिठाई मी खाल्ली. मत बदलले नाही.

डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी सांगितला. मग मी त्यांना विचारले, तुमच्या पायाखालच्या गालिच्यात बोटभर रुंदीत गाठी किती? त्यांना सांगता आले नाही. तरी दाखला त्यांनीच मला दिला, मी त्यांना नाही.

कलम १. भाषेबाबत. हे मृत्युपत्र तुर्की भाषेत, पण ग्रीक अक्षरांत लिहिले आहे. आम्ही इस्पार्त्याचे ख्रिस्ती लोक पिढ्यान् पिढ्या असेच लिहीत आलो. चर्चमधली प्रार्थनाही आम्ही तुर्कीतच म्हणत होतो आणि देवाने कधी तक्रार केली नाही. वकीलसाहेबांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हे काय करून ठेवलंत? कायद्याला भाषा कुठलीही चालते हो, पण हे वाचणार कोण?"

"ज्याला वाचायचं आहे त्याला वाचता येणार नाही, म्हणून तर असं लिहिलंय," मी म्हणाले. "अक्षरं ग्रीक, भाषा तुर्की. कागद कोणाचा यावरून आता खुशाल भांडा."

इओर्दानिसला तुर्की येत नाही, असे तो सगळ्या अथेन्सला सांगतो. म्हणून माझी अट अशी की माझ्या पश्चात हा कागद माझी शेजारीण एव्लाम्बिया हिने त्याच्या समोर बसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्याने वाचावा. ती आमच्याच गावची आहे, तिला ही लिपी येते. तो मध्येच उठला तर वाचन थांबवावे, आणि कलम ६ मधला गालिचा त्याला मिळणार नाही. त्याला या घरातले दुसरे काहीही नको आहे. तो गालिचा मात्र हवा आहे, तेव्हा तो बसेल.

कलम २. घर. दोन खोल्या, मागचे स्वयंपाकघर आणि दारातल्या डब्यातले लिंबाचे झाड, हे सगळे इओर्दानिसच्या मुलीला, म्हणजे दानाईला द्यावे. आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचे नाव ठेवतात. त्या हिशेबाने तिचे नाव सुलताना असायला हवे होते. बारशाच्या दिवशी मी पाद्र्याच्या शेजारी उभी होते. इओर्दानिस माझ्या कानात म्हणाला, "मावशी, सुलताना म्हणजे तुर्काच्या बायकोचं नाव. पोरीला शाळेत चिडवतील." पाद्रीबाबांनी नाव उच्चारले, दानाई. माझी बहीण त्या दिवशी दुसऱ्यांदा मेली. यात पोरीचा काही दोष नाही. ती गोड आहे आणि लिंबाला पाणी घालते. घर तिचे.

कलम ३. पोस्टातली शिल्लक माझ्या अंत्यविधीसाठी आणि चाळिसाव्या दिवशी वाटायच्या गोड गव्हांसाठी वापरावी. गव्हांत मनुका सढळ हाताने घालाव्यात. आमच्या ओळीतल्या बायका मनुका मोजतात आणि वर्षभर त्यावर बोलतात.

कलम ४. आडनाव. हे मालमत्तेत धरतात की नाही मला ठाऊक नाही. बोयाजोग्लू म्हणजे रंगाऱ्याचा मुलगा. माझे वडील खरोखरच रंगारी होते, कोपरापर्यंत हात निळे. इओर्दानिसच्या बापाचे आडनाव हालिजोग्लू, म्हणजे गालिचेवाल्याचा मुलगा. इओर्दानिसने धंदा सुरू केला तेव्हा आडनावाचे 'ओग्लू' हे तुर्की शेपूट कापून टाकले आणि तो हालीदिस झाला. पण 'हाली' म्हणजे गालिचा हाही शब्द तुर्कीच, तो तसाच राहिला. शेपूट कापले आणि मांजर पाटीवर बसवले. दुकानात येणाऱ्यांना हे कळत नाही. मला कळते, म्हणून तो मला दुकानात बोलावत नाही.

एकदाच कुठेतरी घेऊन गेला होता. आठ वर्षांपूर्वी सालोनिकाच्या प्रदर्शनात त्याने मला डोक्याला रुमाल बांधून मागावर बसवले, जत्रेत अस्वल बसवतात तसे. इझमीरचा एक जाडजूड तुर्की व्यापारी तिथे आला आणि दोघांची जुंपली. मधे दुभाषी मी.

"त्याला सांग मावशी," इओर्दानिस ग्रीकमध्ये म्हणाला, "हे लोक घोड्यावर बसून आले, तेव्हा आम्ही हजार वर्षं विणत होतो. गाठ आमची. यांनी आमच्याकडून उचलली."

मी सांगितले. व्यापाऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "आजीबाई, त्याला विचारा, आम्ही घोड्यावर बसून आलो तर घोड्यावर काय अंथरलं होतं?"

हे मी ग्रीकमध्ये सांगायच्या आधीच इओर्दानिसचे कान लाल झाले. म्हणजे पठ्ठ्याला सगळे कळत होते. आईची भाषा विसरता येत नाही. न येण्याचे सोंग मात्र आयुष्यभर आणता येते.

मग दोघेही माझ्याकडे वळले. गाठ कोणाची ते तुम्हीच सांगा, म्हणाले. मी दोन्ही भाषांत सांगितले, "जिचं बोट कापलं तिची." दोघांनाही उत्तर आवडले नाही. त्या दिवशी दोघांचे तेवढ्या एका गोष्टीवर एकमत झाले.

कलम ५. हत्यारे. कात्री, सुरी आणि गाठी ठोकायचा लोखंडी पंजा. यातला पंजा माझा नाही. इस्पार्त्यात आमच्या भिंतीला भिंत लागून शेरिफेचे घर होते. ती मुसलमान, आम्ही ख्रिस्ती. माग मात्र एकच, त्यांच्या ओसरीवर, कारण त्यांचे छत उंच होते. गाठ मला शेरिफेने शिकवली. तिला माझ्या आजीने शिकवली होती. आजीला कोणी शिकवली ते आजीने सांगितले नाही, आणि तिला तसे विचारण्याइतके रिकामटेकडे आमच्या गल्लीत कोणी नव्हते. आम्हाला गावातून हाकलले त्या सकाळी शेरिफेने पंजा माझ्या गाठोड्यात खुपसला. "आलीस की परत दे," म्हणाली. मी गेले नाही. हत्यारे एव्लाम्बियाच्या सुनेला द्यावीत, कारण आमच्या ओळीत मागावर बसणारी ती एकटीच उरली आहे. पंजा उसना आणलेला आहे, हे तिला सांगावे.

कलम ६. गालिचा. एव्लाम्बिया, इथे पाणी पी. आणि इओर्दानिस, तू बसून राहा.

पुढच्या खोलीत भिंतीवर जो अर्धवट गालिचा आहे, तांबडे अंग आणि निळी किनार, त्याबद्दल हे कलम आहे. याच गालिच्यावर इओर्दानिसने एक पुस्तिका छापली आहे. या उन्हाळ्यात सायप्रसवरून ग्रीस आणि तुर्कस्तानात पेटले, कॉफीच्या दुकानांत तुर्की कॉफी एका आठवड्यात ग्रीक कॉफी झाली, आणि तेवढ्यात ही पुस्तिकाही बाहेर आली. कॉफीची चव तीच आहे. पुस्तिकेच्या नवव्या पानावर लिहिले आहे: "तुर्की गालिच्याची किनार काळी असे. निर्वासित ग्रीक विणकरणीने मायभूमीत पाऊल ठेवताच त्या काळ्याच्या जागी आपल्या समुद्राचा निळा विणला. गालिच्याची कला मुळात ग्रीकांची, याचा याहून मोठा पुरावा कोणता?" आता त्याला हा पुरावा दुकानाच्या काचेत लावायचा आहे, खाली पितळी पाटी ठोकून.

आम्ही इस्पार्त्याचे. तिथे समुद्र नाही. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बोटीतून, आणि त्यात ओकले.

आता त्या निळ्याची खरी हकीकत. ती मी सत्तेचाळीस वर्षे कोणाला सांगितलेली नाही.

बोटीतून आम्ही तिघे उतरलो: मी सोळा वर्षांची, माझी ताई सुलताना बावीसची, आणि तिच्या कडेवर इओर्दानिस. त्याच्या बापाला तुर्की सरकारने सक्तमजुरीच्या पलटणीत नेले होते, तो परतला नाही. पुढे नेआ इओनियात गालिच्यांचा कारखाना निघाला आणि आम्ही दोघी तिथे लागलो. एका मागावर चौघी बसत आणि एक जण नक्षीचा कागद हातात धरून रंग ओरडून सांगे. दोन तांबडे, एक पिवळा, तीन काळे. तिने सांगायचे, त्यांनी बांधायचे. सांगणारीचे नजरेने काम, बांधणाऱ्यांचे कानाने. हे सगळे अर्थात तुर्कीत चाले, कारण बहुतेकींना दुसरे काही येतच नव्हते.

मग अथेन्सच्या एक मास्तरीणबाई देखरेखीला आल्या. नाव एर्मिओनी. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढले.

"इथे ग्रीक गालिचे बनतात. तुर्कीचा एक शब्द ऐकू आला तर त्या बाईने लोकरीचा पेळू दातात धरून दुपारपर्यंत काम करायचं. मोठ्या आल्यात, तुर्काचं बी!"

इस्पार्त्यात आम्ही काफिर होतो, इथे तुर्काचे बी झालो. मला शाळेमुळे ग्रीक अक्षरे आणि थोडे ग्रीक बोलणे येत होते, म्हणून रंग ग्रीकमध्ये सांगायला बाईंनी मला नेमले. ताईला अक्षर येत नव्हते. ती बांधणाऱ्यांत. पण तिच्या हाताची गाठ इतकी घट्ट बसे की बाकीच्या तिच्या शेजारी बसायला भांडत.

कागदावर प्रत्येक घरात रंगाचे पहिले अक्षर लिहिलेले असे. किनारीच्या घरांत 'म' होता. ग्रीकमध्ये काळ्या धाग्याला माव्री म्हणतात. तुर्कीत निळ्याला माव्ही म्हणतात. माझी जीभ भीतीने कोरडी झालेली, दातात पेळू धरायची लाज वाटत होती, आणि डोके अजून इस्पार्त्यातच होते. मी 'म' पाहिला आणि म्हणाले, "पाच माव्ही."

ताईचा हात थांबला. ती मान न वळवता, ओठ न हलवता कुजबुजली, "मक्रिना, माव्ही की माव्री?"

तिने विचारले होते. हे मी इथे मुद्दाम लिहिते. तिला रंग खटकला होता, कारण बापाच्या हाताखाली ती माझ्यापेक्षा जास्त वर्षे होती आणि किनारीला काळा असतो हे तिला ठाऊक होते. मी तिच्यावर खेकसले, "माव्ही म्हटलं ना! कान फुटले का? अक्षर मला येतं की तुला?"

ती निळा बांधू लागली. बाई तापाने आठ दिवस आल्या नाहीत. आठ दिवसांत चार वीत निळी किनार वर चढली. नवव्या दिवशी बाई दारातून आत आल्या आणि तिथूनच किंचाळल्या.

"कोणी केलं हे?"

मागावर चौघींचे हात थांबले. ताईने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, आता तू बोल, एवढेच त्या पाहण्यात होते. मी कागदाकडे पाहिले. मग मी बोलले. स्वच्छ ग्रीकमध्ये बोलले, इतके स्वच्छ की बाईंनाही बरे वाटले असेल.

"मी माव्रीच सांगत होते, बाई. हिला ग्रीक कळत नाही. हिने माव्ही ऐकलं."

बाकीच्या तिघी माना खाली घालून बसल्या. त्यांनी माझे "माव्ही" स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पण बोलायला तोंड उघडावे लागते, आणि त्यांना फक्त तुर्कीच येत होती.

ताई उठली. बोटांना चिकटलेली निळी लोकर झटकली. "हो," ती म्हणाली, "मलाच कळलं नाही." हे वाक्यही तिने तुर्कीत म्हटले. त्यासाठी बाईंनी तिला पेळू दिला नाही, सरळ दार दाखवले. घरी आल्यावर तिने मला एक शब्द विचारला नाही. मसूर शिजवले, मला वाढले, इओर्दानिसला भरवले. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी आज मोकळी असते.

कारखान्यांतल्या बायका एकमेकींना ओळखत, त्यामुळे तुर्काचे बी असलेली बहिरी म्हणून तिचे नाव सगळीकडे झाले. ती पिरेआसला तंबाखूच्या वखारीत लागली. चार वर्षे ती धूळ छातीत गेली. इओर्दानिस नऊ वर्षांचा असताना ती वारली.

आणि तो गालिचा? तो मागावरून कापून कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता. एका श्रीमंत गिऱ्हाइकाच्या बायकोने तो उलगडून पाहिला आणि म्हणाली, अगं बाई, हा तर आपला समुद्र! झाले. निळ्या किनारीच्या मागण्या येऊ लागल्या. एर्मिओनीबाईंनी सांगितले की ही कल्पना मुळात त्यांचीच होती. मी रंग सांगणाऱ्यांची मुख्य झाले, पुढे सगळ्या कारखान्याची, तेव्हा तो अर्धवट गालिचा मी घरी आणला. इओर्दानिसची शाळा, त्याचे बूट, त्याच्या दुकानाचा पहिला माल, सगळे त्या निळ्यावर झाले. तो मोठ्या अभिमानाने ज्याला ग्रीक आत्मा म्हणतो तो एका घाबरट पोरीच्या तोंडून निसटलेला तुर्की शब्द आहे. तुर्कांनीही यावर हक्क सांगू नये. त्यांनी हाकलले नसते तर ही चूक झालीच नसती.

आणखी एक. आमच्यात पुरल्यावर तीन वर्षांनी हाडे वर काढून वाइनने धुतात आणि पेटीत ठेवतात. ताईची हाडे काढायचा दिवस आला तेव्हा कारखान्यात निळ्या किनारीची मोठी मागणी पुरी करायची होती. मी म्हटले, पुढच्या आठवड्यात जाईन. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा कोणी आले नाही म्हणून हाडे सामाईक खड्ड्यात टाकून झाली होती. इओर्दानिस, मी तुला मेणबत्ती लावायला ज्या पेटीपाशी नेत असे, ती रिकामी आहे. तुझ्या आईचे या जगात एवढेच उरले आहे: चार वीत किनार, तिच्या हाताच्या गाठी. वडील सांगत, काळा रंग लोखंडाच्या पाण्याने बसतो आणि लोकर खाऊन टाकतो, निळा टिकतो. मी खरे सांगितले असते तर ती किनार केव्हाच झडून गेली असती. माझे खोटे टिकले आहे.

तेव्हा माझी इच्छा अशी. हा गालिचा इओर्दानिसला द्यावा. तो विकू नये, धुऊ नये, पुरा करू नये. काचेत लावायचा तर खुशाल लावावा, पितळी पाटीसुद्धा ठोकावी. पाटीवर माझ्या पुढच्या शब्दांशिवाय काही नसावे: "गाठी सुलताना हालिजोग्लू हिच्या. चूक मक्रिना बोयाजोग्लू हिची." आडनावे शेपटासकट लिहावीत. ग्रीक आणि तुर्क हे शब्द पाटीवर नसावेत, त्या मागावर दोघांपैकी कोणी बसले नव्हते. हे मान्य नसेल तर गालिचा माझ्या शवपेटीवर घालावा आणि माझ्याबरोबर पुरावा. मग पुस्तिकेतला पुरावा जमिनीत शोधावा लागेल.

तू मला माफ करावेस असे मी लिहिणार नाही. तुझा त्यावर हक्क नाही. जिचा होता तिने मसूर वाढले आणि ती गप्प बसली. मी तुला वाढवले ते प्रेमाने की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही रंगांच्या गाठी अंधारात बोटांना सारख्याच लागतात.

कलम ७. एव्लाम्बिया, आता कागद जरा खाली ठेव. इओर्दानिसला तुर्कीत विचार, त्याच्या आईने विचारले तसे, मान न वळवता: माव्ही की माव्री? त्याला कळेल. त्याने उत्तर दिले नाही तरी चालेल. उत्तर द्यायचे होते ते मला. ते मी आज, शुद्धीवर असताना, साक्षीदारांसमक्ष आणि माझ्या सहीनिशी देते.

माव्री, ताई. तू बरोबर होतीस. सोड त्या ओळीच्या गाठी.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि खाली सही केली. याआधी मी जे काही सांगितले असेल ते रद्द समजावे.

सही: मक्रिना लाझारोस बोयाजोग्लू

साक्षीदार:
१. एव्लाम्बिया चाकमाकोग्लू, शेजारीण, घर बारावे. वाचून दाखवायचे कबूल केले आहे. त्या मागावर डावीकडून दुसरी मी होते. मीही ऐकले होते.
२. थेमिस्तोक्लिस रालिस, वकील. मजकूर वाचता आला नाही. सही समक्ष झाली.

स्थळ: नेआ इओनिया, अथेन्स
दिनांक: १४ नोव्हेंबर १९७४